देशाचं गाणं म्हणजे नेमकं कुणाचं? पोर्तुगाल, युरोव्हिजन आणि बारा गुणांचं गणित

२४ एप्रिल १९७४. रात्रीचे अकरा वाजायला पाच मिनिटं कमी. लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावर निवेदकाने एक गाणं लावलं. पाउलो द कार्व्हालो या गायकाचं ते प्रेमगीत. ‘आणि निरोपानंतर’ असा त्याच्या नावाचा अर्थ. अडीच आठवड्यांपूर्वीच ते इंग्लंडमधल्या ब्रायटनला युरोव्हिजन गीतस्पर्धेत पोर्तुगालतर्फे गेलं होतं आणि तीन गुण घेऊन शेवटच्या क्रमांकावर आलं होतं. लिस्बनकरांना ते रेडिओवर लागल्याचं काहीच नवल वाटलं नाही. देशाचं गाणं, पडलं बिचारं, पण चाल गोड आहे. एवढंच.

छावण्यांमध्ये रेडिओला कान लावून बसलेल्या काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांसाठी मात्र हे निरोपाचं गाणंच निरोप घेऊन आलं होतं: तयार राहा. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी दुसऱ्या एका केंद्रावर गायक झेका अफोंसो यांचं ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ लागलं. त्याचा अर्थ: निघा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोर्तुगालमधली, १९२६ च्या लष्करी उठावापासून चालत आलेली हुकूमशाही कोसळली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली, म्हणून या सत्तापालटाला कार्नेशन क्रांती म्हणतात.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण लिस्बनच्या राजवटीने ते कधी मान्यच केलं नव्हतं. क्रांतीनंतर आलेल्या सरकारने ते मान्य केलं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने कागदावर कबूल केलं. त्यांच्या बाजूने सही केली परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस यांनी आणि आपल्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. ब्रायटनमध्ये आपटलेलं गाणं आणि कऱ्हाडच्या यशवंतरावांची सही यांच्यामध्ये जेमतेम नऊ महिने आहेत.

गाण्यामुळे क्रांती झाली असं म्हणणं म्हणजे गजरामुळे सकाळ झाली म्हणण्यासारखं आहे, हे मान्य. क्रांतीची कारणं अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊमधल्या न संपणाऱ्या युद्धांत होती. तरीही गजर म्हणून हेच गाणं का निवडलं, हा प्रश्न उरतो. झेका अफोंसो यांच्या गाण्यांवर राजवटीचा डोळा होता, त्यांचं गाणं रात्री अकराला लावलं असतं तर कुणाचे तरी कान टवकारले असते. पाउलोंच्या गाण्यात राजकारण नावालाही नव्हतं, आणि ते सरकारी दूरदर्शन संस्थेनेच देशातर्फे पाठवलेलं होतं. त्याच्यावर संशय कोण घेणार?

म्हणजे ‘देशाचं गाणं’ हा शिक्का सरकारमान्य होता आणि त्याच शिक्क्याच्या आडून सरकार उलथवायचा इशारा गेला. या स्पर्धेबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच किडा वळवळतोय: देशाचं गाणं म्हणजे नेमकं कुणाचं? ते कोण ठरवतं, कोण निवडतं, आणि जिंकलं किंवा हरलं तर देश जिंकतो-हरतो म्हणजे काय? पोर्तुगालची गोष्ट या प्रश्नासाठी फार सोयीची आहे, कारण हा देश अर्धशतकाहून जास्त काळ हरत राहिला आणि मग एकदाच असा जिंकला की बाकीचे बघत राहिले.

देश नाही, दूरदर्शन

आधी पाया समजून घेऊ. युरोव्हिजन भरवते ती युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांची संघटना, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन. ही संघटना १९५० ची. पहिली स्पर्धा १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो गावी झाली, सात देश आले आणि यजमान स्वित्झर्लंडच जिंकला. थेट प्रक्षेपण एकाच वेळी अनेक देशांत दाखवणं ही तेव्हा नवलाई होती, आणि ती नवलाई आजमावून बघायला गाण्याइतकं निरुपद्रवी निमित्त दुसरं नव्हतं.

इथे एक बारकावा आहे जो बातम्यांमध्ये हमखास हरवतो. स्पर्धेत देश भाग घेत नाहीत. त्या देशांच्या प्रसारण संस्था भाग घेतात. पोर्तुगालच्या सरकारमधला कुणी मंत्री गाणं निवडत नाही. निवडते ती ‘आरटीपी’, म्हणजे त्यांचं दूरदर्शन. पुरुषोत्तम करंडकाला एकांकिका कॉलेजच्या नावाने जाते, बोर्डावर कॉलेजचंच नाव लागतं, पण ती ठरवलेली असते कट्ट्यावरच्या दहाजणांनी आणि प्राचार्यांना कधीकधी निकालाच्या दिवशीच कळतं, तसलाच प्रकार. आरोळ्या मात्र कॉलेजच्या नावाने ठोकल्या जातात.

गाणं कसं निवडायचं हे संस्थेने ठरवायचं. काही संस्था बंद खोलीत गायक ठरवून मोकळ्या होतात. काही देशभर मोठी स्पर्धा घेतात. आरटीपी १९६४ पासून ‘फेस्तिव्हाल दा कान्साँव’ भरवते. नावाचा अर्थ साधा आहे, गाण्याचा महोत्सव. याच महोत्सवातून पाउलोंचं गाणं गेलं होतं.

मोठे नियम थोडक्यात असे: गाणं तीन मिनिटांपेक्षा लांब नको. मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. मुख्य गायकाने थेट गायचं, वाद्यसंगीत मात्र ध्वनिमुद्रित; वाद्यवृंद १९९९ पासून गेला. जिवंत प्राणी मंचावर आणायचे नाहीत. शब्दांत राजकीय संदेश नको. गायक त्या देशाचा नागरिक असायला हवा अशी अट मात्र नाही. कॅनडाची सेलीन दियाँ १९८८ मध्ये स्वित्झर्लंडकडून गायली आणि एका गुणाने जिंकली. ‘देशाचं गाणं’ या कल्पनेची शिवण इथेच पहिल्यांदा उसवते.

भाषेचा नियम तर दोनदा आला आणि दोनदा गेला. १९६६ ते १९७२ आणि पुन्हा १९७७ ते १९९८ या काळात आपापल्या देशाच्या भाषेतच गावं लागायचं. १९९९ पासून ज्याला जी हवी ती भाषा. झालं, अर्ध्याहून जास्त युरोप इंग्रजीत गायला लागला. पोर्तुगाल मात्र हट्टाने पोर्तुगीजला चिकटून राहिला. पूर्णपणे इंग्रजी गाणं त्यांनी पहिल्यांदा पाठवलं ते थेट २०२१ मध्ये.

बारा, दहा, आठ

आता गणित. घाबरू नका, पाढे येत असले की पुरे.

आजची पद्धत १९७५ मध्ये सुरू झाली. प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना गुण देतो: पहिल्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८, ७, ६ असं करत दहाव्याला १. अकरा आणि नऊ गुण नाहीतच, म्हणजे पहिल्या दोघांना मुद्दाम वर उचललेलं आहे. एका देशाच्या एका यादीत एकूण ५८ गुण वाटले जातात. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत.

याद्या मात्र दोन असतात. एक त्या देशातल्या परीक्षकांची. पूर्वी ही संगीतक्षेत्रातली पाच माणसं असत. दुसरी प्रेक्षकांच्या फोन-एसेमेसची. ‘सारेगमप’च्या दिवसांत ज्यांनी घरातले चारही मोबाइल गोळा करून मतं पाठवली आहेत त्यांना ही दुसरी यादी समजावून सांगायची गरज नाही. आधी कित्येक वर्षं फक्त परीक्षक होते, १९९० च्या दशकाअखेर फोन आले, मग शेजारी शेजाऱ्याला मतं देतो अशी ओरड झाली, म्हणून २००९ पासून अंतिम फेरीत निम्मं-निम्मं झालं. २०१६ पासून दोन्ही याद्या वेगवेगळ्या जाहीर होतात, त्यामुळे परीक्षकांचा लाडका प्रेक्षकांच्या यादीत धाडकन खाली येतो तो क्षण पडद्यावर दिसतो. कार्यक्रम करणाऱ्यांना हेच हवं होतं.

या पद्धतीचा खरा स्वभाव उदाहरणाने कळतो. समजा ४२ देश मतदान करताहेत. ‘क’ गाणं दहा देशांत पहिलं आलं आणि बाकी कुठेच पहिल्या दहांत नाही. त्याला एका यादीतून मिळाले १२० गुण. ‘ख’ गाणं कुठेच पहिलं नाही, पण सगळ्या ४१ देशांत चौथं आहे. चौथ्याचे ७ गुण, गुणिले ४१, म्हणजे २८७. कुणाचंही पहिलं प्रेम नसलेलं गाणं दुपटीने पुढे! थोड्या लोकांनी जीव ओवाळून टाकण्यापेक्षा सगळ्यांनी ‘हं, बरं आहे’ म्हटलेलं इथे जास्त चालतं.

पोर्तुगालची अडचण यात नीट दिसते. त्यांना जमिनीवरून शेजारी एकच, स्पेन. कामधंद्यासाठी गेलेले पोर्तुगीज लोक फ्रान्समध्ये आहेत, स्वित्झर्लंडमध्ये आहेत, लक्झेंबर्गमध्ये आहेत, आणि ते मायदेशाला फोन करणारच. पण एका देशातून कितीही हजार फोन आले तरी वर छप्पर बाराचंच. तीन देशांनी डोक्यावर घेतलं तरी छत्तीस. पुढे काय?

पन्नास वर्षांचा दुष्काळ

पोर्तुगाल पहिल्यांदा उतरला १९६४ मध्ये. आंतोनियो काल्व्हारियो गायले. गुण शून्य. १९६७ मध्ये अंगोलात जन्मलेले एदुआर्दो नासिमेंतो गेले, या मंचावर गाणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष गायक. अंगोला तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती आणि तिथे युद्ध चालू होतं, हे लक्षात घेतलं की ‘देशाचं गाणं’ या शब्दांचा अर्थ आणखी अवघड होतो. १९७४ चं सांगितलंच. त्याच स्पर्धेत स्वीडनचा आब्बा ‘वॉटर्लू’ गाऊन २४ गुणांनी जिंकला आणि जगभर गेला. पाउलोंना तीन गुण मिळाले. तेव्हाची पद्धत वेगळी होती: प्रत्येक देशात दहा परीक्षक आणि प्रत्येकाचं एक मत. अख्ख्या युरोपातल्या परीक्षकांपैकी तिघांना ते गाणं सगळ्यात आवडलं, एवढाच त्या तीन गुणांचा अर्थ. त्या तिघांना आपण काय निवडलं हे पुढे कधी उमगलं असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पुढच्या वर्षी तर गंमतच. १९७५ मध्ये पोर्तुगालने पाठवलं ‘पहाट’ अशा अर्थाचं क्रांतीवरचं गाणं, आणि गायला होता दुआर्त मेंदेश, क्रांतीत स्वतः भाग घेतलेला लष्करातला कॅप्टन. एकोणीस देशांत सोळावा. राजकारण नसलेल्या गाण्याने राजवट हलवायचा इशारा दिला, आणि राजकारणाने भरलेलं गाणं युरोपने शांतपणे ऐकून सोडून दिलं.

त्यानंतरची वर्षं भराभर उलटली तरी चालतील. १९९६ मध्ये लुसिया मोनिज सहावी आली, तीच सगळ्यात वरची पायरी. लगेच १९९७ ला पुन्हा शून्य. उपांत्य फेरी सुरू झाल्यावर २००४ ते २००७ सलग चार वर्षं तिथेच गारद. २०१३ ला गेलेच नाहीत. २०१६ लाही नाही.

पण २०१६ ची गैरहजेरी रुसून बसण्याची नव्हती. आरटीपीने ते वर्ष महोत्सवाची जुनी गाडी उघडून दुरुस्त करण्यात घालवलं. २०१७ साठी त्यांनी सोळा संगीतकारांना बोलावलं आणि सांगितलं, तुम्ही गाणं करा, गायकही तुम्हीच निवडा. ‘युरोपला काय आवडेल’ या प्रश्नाच्या जागी ‘आपल्याकडे चांगलं कोण लिहितं’ हा प्रश्न आला. बोलावलेल्यांमध्ये लुईझा सोब्राल होती, जॅझच्या अंगाने गाणारी-लिहिणारी. तिने गाणं लिहिलं आणि स्वतः गाण्याऐवजी धाकट्या भावाला, साल्व्हादोरला, पुढे केलं.

दोघांच्या वाटचं प्रेम

गाण्याचं नाव ‘अमार पेलूश दोइश’. मराठीत सांगायचं तर दोघांच्या वाटचं प्रेम एकट्यानेच करणं. तुझ्या मनाला पुन्हा प्रेम करायचं नसेल तर राहू दे, माझं मन दोघांसाठी करील, एवढाच आशय. चाल तीन ठेक्यांची, वॉल्ट्झसारखी डुलणारी, मागे व्हायोलिनं. अनेकांनी याला फादो, म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक विरहगीत म्हटलं. फादो म्हटलं की आपल्याला गोव्याच्या सोनिया शिरसाट आठवतात, तो गळ्यातून येणारा भरदार विरह. हे तसं नाही. इथे जॅझची सैल चाल आहे, ब्राझीलच्या बोसा नोव्हा या संगीतशैलीची सावली आहे. पोर्तुगीज म्हणजे फादो हे समीकरण मराठी म्हणजे लावणी या समीकरणाइतकंच ढोबळ आहे.

५ मार्च २०१७ ला लिस्बनच्या जुन्या कोलिझ्यू सभागृहात महोत्सवाची अंतिम फेरी झाली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या परीक्षकांनी साल्व्हादोरला पहिलं ठेवलं, आणि घरच्या फोनमतांत तो दुसरा आला. दोन्हींची बेरीज करून तो निवडला गेला. म्हणजे हे ‘देशाचं गाणं’ खुद्द देशातल्या प्रेक्षकांच्या यादीत पहिलं नव्हतं! निव्वळ फोनवर सोडलं असतं तर त्या वर्षी युरोव्हिजनसाठी युक्रेनमधल्या किएव्हला दुसरंच कुणी गेलं असतं.

आणि साल्व्हादोर आजारी होता. हृदय साथ देत नव्हतं. किएव्हमध्ये जास्त दिवस राहायची परवानगी नव्हती, म्हणून पहिल्या आठवड्यातल्या तालमींना मंचावर त्याच्या जागी बहीण उभी राहिली. कॅमेरे, दिवे, खुणा सगळं तिच्यावर बसवलं गेलं. तो उपांत्य फेरीच्या थोडं आधी आला. पत्रकार परिषदेत निर्वासितांना मदत करा अशा अर्थाचा मजकूर असलेला शर्ट घालून बसला, तेव्हा राजकीय संदेशांचा नियम दाखवून तो घालू नको असं त्याला सांगण्यात आलं.

मंचावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. किएव्हच्या सभागृहात मुख्य मंच प्रचंड होता. साल्व्हादोर तिथे उभाच राहिला नाही. प्रेक्षकांच्या मधोमध एक छोटासा गोल मंच होता, तिथे तो एकटा. अंगात दोन माप मोठा वाटणारा काळा कोट, केसांचा बुचडा. गाताना हात हवेत असे हलत होते जणू एखादं वाद्य वाजवतोय आणि ते आपल्याला दिसत नाहीये. सूर घेताना तोंड वेडंवाकडं होई. आमच्याकडे भीमसेनजींना बघत मोठे झालेल्यांना त्याचं काही वाटलं नाही, पण युरोपात त्यावर बरीच चर्चा झाली. नाचणारे नाहीत, आगीचे फवारे नाहीत. त्याच स्पर्धेत सट्टेबाजांचा बरेच आठवडे लाडका असलेला इटलीचा फ्रांचेस्को गाब्बानी गोरिलाचा वेश घातलेल्या माणसाबरोबर नाचत होता. जिवंत प्राणी चालत नाहीत ना, म्हणून आत माणूस. इटली सहाव्या क्रमांकावर राहिली.

अंतिम फेरी १३ मेच्या रात्री. आपल्याकडे घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात तेव्हा ती सुरू होते आणि निकाल लागेपर्यंत दूधवाल्याची सायकल ऐकू यायची वेळ होते. गुण वाचायला लागले की प्रत्येक देशाचा प्रतिनिधी आपापल्या देशातून पडद्यावर येतो, मागे रोषणाई केलेली एखादी इमारत, आणि नको तितकं लांबवून बाराचं नाव सांगतो. त्या रात्री पोर्तुगालचं नाव इतक्यांदा आलं की नंतरनंतर उत्सुकता दुसरा कोण एवढीच उरली.

आता मघाचं गणित काढा. ४२ देशांचं मतदान, म्हणजे कुठल्याही गाण्याला एका यादीतून जास्तीत जास्त ४१ गुणिले १२, म्हणजे ४९२. दोन याद्या मिळून ९८४. पोर्तुगालला मिळाले ७५८. शंभरातले सत्याहत्तर. याहून नवलाची गोष्ट आतल्या फोडीत आहे: परीक्षकांचे ३८२ आणि प्रेक्षकांचे ३७६. जाणकार आणि जनता यांच्यात फक्त सहा गुणांचं अंतर! नाट्यसंगीताच्या स्पर्धेपासून गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्यापर्यंत कुठल्याही निकालाला गेलेल्या माणसाने सांगावं, परीक्षक आणि मांडवातली माणसं इतकी एकमताची कधी पाहिली होती. दुसऱ्या आलेल्या बल्गेरियाला ६१५ होते.

हे गाणं ‘क’ नव्हतं आणि ‘ख’ही नव्हतं. ते एकाच वेळी खूपजणांचं पहिलं आणि जवळजवळ सगळ्यांच्या पहिल्या दहांतलं होतं. फ्रान्स-स्वित्झर्लंडमधल्या आपल्या माणसांच्या फोनवर एवढे गुण होत नाहीत. ज्यांना पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता अशांनी ते दिले. एकही इंग्रजी शब्द नसलेलं गाणं जिंकलं ते २००७ मधल्या सर्बियानंतर पहिल्यांदा.

जिंकल्यावर साल्व्हादोरने बक्षीस हातात घेऊन बोलून दाखवलं की आपण वापरून फेकून द्यायच्या संगीताच्या जगात राहतो, आणि संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना. ज्यांनी आतषबाजी केली होती ते सगळे खाली बसलेलेच होते. मला ते बोलणं थोडं आढ्यतेचं वाटलं, खरं सांगायचं तर. पण मग त्याने बहिणीला वर बोलावलं, दोघांनी मिळून गाणं पुन्हा म्हटलं, अर्ध्या ओळी तिच्या, अर्ध्या त्याच्या, आणि मघाची आढ्यता विसरायला झालं. तालमीत त्याच्या जागी उभी राहिलेली ती आता त्याच्या शेजारी होती.

पोर्तुगालमध्ये त्या एका दिवसात आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. पोप फ्रान्सिस यांनी फातिमाच्या तीर्थक्षेत्री दोन गुराखी मुलांना संतपद दिलं आणि बेन्फिका क्लबने फुटबॉलची राष्ट्रीय लीग सलग चौथ्यांदा जिंकली. हुकूमशहा सालाझारच्या काळात लोकांना गुंगवून ठेवणाऱ्या तीन गोष्टी म्हणून ‘फादो, फुटबॉल, फातिमा’ असं कुत्सितपणे म्हटलं जायचं. १३ मे २०१७ ला तिन्ही पुन्हा एकाच दिवशी आल्या, फक्त फादोच्या जागी फादो नसलेलं गाणं.

यजमान

जिंकणाऱ्या देशाने पुढची स्पर्धा भरवायची, असा रिवाज. कौतुक होतं आणि खर्चही अंगावर येतो. मे २०१८ मध्ये सगळा युरोप लिस्बनला आला. यजमानाला उपांत्य फेरी खेळावी लागत नाही, थेट अंतिम फेरीत जागा असते. मोठी वर्गणी देणाऱ्या ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटली या पाच देशांनाही तेव्हा तीच सवलत होती. आरटीपीने पुन्हा तीच पद्धत वापरली, पुन्हा संगीतकारांना बोलावलं, पुन्हा एक शांत, शोकाचं, हळू गाणं निवडलं. इझाउराने लिहिलेलं, क्लाउदिया पास्कोआलने गायलेलं, ‘बाग’ नावाचं.

सव्वीस देशांत सव्विसावं. ३९ गुण.

मला विचाराल तर ते गाणं वाईट नव्हतं. पण मघाचं गणित निर्दय आहे. दहांच्या आत येणाऱ्यालाच गुण मिळतात. अकरावं आणि सव्विसावं यांना सारखाच भोपळा. एखादं गाणं प्रत्येक देशात नेमाने अकरावं-बारावं येत राहिलं तर कागदावर ते कुणालाच आवडलं नाही असं दिसतं.

साल्व्हादोर त्या रात्री मंचावर होता. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं होतं आणि तो पुन्हा गात होता, या वेळी ब्राझीलचे नामवंत गायक कायतानो व्हेलोझो यांच्याबरोबर, तेच दोघांच्या वाटचं गाणं. मतं मोजून झाल्यावर बक्षीस त्याच्याच हातून द्यायचं होतं. जिंकली होती इस्रायलची नेटा, कोंबडीसारखा आवाज काढत नाचणारं, मागे मांजरांच्या सोनेरी मूर्ती मांडलेलं ‘टॉय’ गाऊन, ५२९ गुणांनी. त्या गाण्याबद्दल साल्व्हादोर थोड्याच दिवसांपूर्वी जाहीरपणे नको ते बोलून बसला होता. त्याने बक्षीस उचललं, तिच्या हातात दिलं आणि बाजूला झाला.